भैरवनाथाचा पेला

“एकडाव घासू द्या की! नुसता हात फिरवते, जोर लावत न्हाई,” पारूबाई म्हणाली.

“हात लावून तर बघ,” म्हणत रखमाजीनं पेला उपरण्यात गुंडाळला.

सप्ताह तोंडावर आला की हा संवाद त्या घरात ठरलेला. पारूबाईचं घासणं साऱ्या उंबरवाडीत नावाजलेलं. तिच्या तांब्यात बघून शेजारणी कुंकू लावून जायच्या. चुलीचं तोंड सोडलं तर तिच्या घरात काळं म्हणून काही नव्हतं, आणि नशीब असं, की नवरा भैरवनाथाचा पुजारी आणि त्याच्या ताब्यात तव्यासारखा काळाठिक्कर चांदीचा पेला! त्या पेल्यावर काही अक्षरं होती. ती झिजू नयेत म्हणून देवाचा पेला राख-चिंचेनं घासायचा नाही, नुसता पाण्यानं विसळायचा, असा वाडीचा जुना दंडक. पारूबाई तो पाळत होती. पण आजाऱ्यानं पथ्य पाळावं तसा, तोंड वाकडं करून.

पेल्याचा मानही मोठा होता. काल्याचं कीर्तन संपलं की देवापुढचं दूध आधी त्या पेल्यातून बुवांना आणि मग त्याच पेल्यातलं पळीपळीनं सगळ्या वाडीला. या एका घटकेसाठी रखमाजी वर्षभर जगायचा. कीर्तनाचं त्याला वेडच. वेल्ह्याच्या आसपास कुठं मृदंगावर थाप पडली, की याची बैलं गोठ्याकडं आणि हा मंडपाकडं. कीर्तनकार कुंडलिकबुवा तरुण होते तेव्हाची गोष्ट. एकदा काल्याचं कीर्तन असं रंगलं, की बुवांनी पेला उंच धरला आणि सांगितलं, तोरण्याचा किल्लेदार तहानेनं व्याकूळ होऊन या वाडीत उतरला, भैरवनाथानं गुराख्याच्या रूपात येऊन त्याला पाणी पाजलं, आणि किल्लेदारानं आपला हा पेला देवाच्या पायावर वाहिला. सगळा मंडप रडला. बुवांनी ते दृष्टान्त म्हणून सांगितलं असेल, वाडीनं इतिहास म्हणून घेतलं. रखमाजी तर पुढंपुढं किल्लेदाराच्या घोड्याचा रंगही सांगायला लागला होता.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण यंदा गोरख सरपंच झाला. गडी उमदा, कामाचा, फक्त वाडीला ‘पर्यटनस्थळ’ करायच्या ध्यासानं झपाटलेला. त्यानं वेल्ह्याच्या बाजारात एसटी थांब्यासमोर फ्लेक्स लावला. वर पेला, खाली गोरख, आणि मध्ये ‘शेकडो वर्षांचा ऐतिहासिक ठेवा’. फ्लेक्सवर पेल्यापेक्षा गोरखच मोठा दिसत होता, ही गोष्ट वेगळी.

“तात्या, ह्याचं वय शास्त्रानं काढून घेऊ,” तो रखमाजीला म्हणाला. “भोरची एक पोरगी हाय, वैष्णवी. पुण्यात जुने लेख वाचायचं शिकलीय. तिनं एकदा कागदावर लिवून दिलं, की डांबरी रस्ता आपल्या दारात!”

“वय कशापाई काढायचं? बुवांनी सांगितलंय की.”

“बुवांचं खरंच हाय वो. पन सरकारला कीर्तन कळत न्हाई, कागद कळतो.”

वैष्णवी आली. चुणचुणीत, गोड बोलणारी मुलगी. देवाला नमस्कार करून तिनं पेला ओट्यावरच्या उन्हात धरला, भिंग लावलं आणि अशी काही एकटक बघत राहिली, की जमलेल्या माणसांनी खोकणंसुद्धा थांबवलं.

“टिंबं ठोकून अक्षरं काढलीत,” ती म्हणाली. “इथं ‘शके’ आहे. पुढं एक. बाकीचे आकडे या काळ्याखाली गेलेत. वरच्या ओळीत ‘उ’ असावा.”

“उ म्हंजी उंबरवाडी!” गोरख ओरडला. “आन शके म्हंजी तर लईच जुनं!”

“दादा, लग्नपत्रिकेवरसुद्धा शके असतं,” वैष्णवी हसून म्हणाली. “घाई नको. उद्या मी कॅमेरा आणि सामान घेऊन येते. तोवर आजोबा, एकच करा. घासू मात्र नका.”

“ऐकलंस का?” रखमाजीनं बायकोकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. पारूबाईनं पदर खोचला आणि ती भाकऱ्या थापायला निघून गेली. त्या दिवशी भाकऱ्यांचा आवाज जरा जास्तच येत होता.

वैष्णवी एसटीत बसून गेली आणि गोरख मोबाईल चाळत चाळत रखमाजीच्या ओट्यावर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

“तात्या, घोळ झाला. हितं लिवलंय, शंभर वर्सांच्या वरची वस्तू असंल तर सरकारात कळवावं लागतं.”

“मंग कळीव की.”

“आवो, कळवलं की साहेब येणार. साहेब आला की पंचनामा, आन पंचनामा झाला की पेला पुन्याला, काचंच्या कपाटात!”

रखमाजीच्या डोळ्यांपुढं ते कपाट उभं राहिलं. काचेआड भैरवनाथाचा पेला, समोर खुर्चीवर पेंगणारा पहारेकरी. तिथं टाळ नाही, मृदंग नाही. त्या पेल्यात दूध कोण ओतणार? तीर्थ कुणाला देणार, त्या पहारेकऱ्याला? काल्याच्या दिवशी कुंडलिकबुवांच्या हातात मग काय द्यायचं, स्टीलचा गिलास?

सकाळी उठला तेव्हा त्याचं ठरलं होतं. पेला जुना असला तर जाणार. म्हणजे पेला जुना असून चालायचं नाही.

“पारू,” तो म्हणाला, “घास.”

पारूबाईच्या हातातला झाडू गळाला. “काय म्हनला?”

“घास म्हनलं. आज दुकानातून आणल्यावानी नवाकोरा दिसला पायजे.”

“उभ्या जन्मात मला कुनी असं काय दिलं न्हाई,” पारूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग ती जी बसली! चिंचेचा कोळ, चाळलेली राख, नारळाचा काथ्या, लिंबाची फोड. एका पिढीचा साठलेला हात होता तो. काळा पापुद्रा धारेनं वाहू लागला. रखमाजी दारात उभा राहून ‘भैरोबा, माफ कर’ असं पुटपुटत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपणहून सांगत होता, “तसा काय फार जुना न्हाई बरं का हा. आपलं लोक बोलत्यात.” ज्यानं उभं आयुष्य किल्लेदाराचा घोडा नाचवला, त्याच्या तोंडून हे ऐकून माणसं चमकून त्याच्याकडं बघत पुढं जात होती.

तेवढ्यात गोरखच्या गाडीवरून वैष्णवी उतरली. अंगणात बसलेली पारूबाई, तिच्या हातात उन्हात लखलखणारा पेला आणि दगडावरून वाहणारं काळं पाणी बघून ती तिथंच खिळली.

“आजी! हे काय केलंत?”

“काय न्हाई गं बाई. जरा उजळला. तळ ऱ्हायलाय अजून.”

“आजोबा, मी सांगून गेले होते ना!”

रखमाजी मान खाली घालून उभा राहिला. “पोरी, देवाचं भांडं कपाटात गेलं तर आमी तीर्थ कशात घ्यायाचं? तू एवढं लिवून दे, की हा कालपरवाचा हाय. तुझं कल्यान व्हईल.”

वैष्णवी चिडली होती. पण पेला हातात घेऊन तिनं कडेनं फिरवला, आणि हळूहळू तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू जमायला लागलं. पारूबाईनं अक्षरं घालवली नव्हती, उलट मुळापासून उकरून काढली होती.

“लिहून द्यायची गरजच नाही, आजोबा. इथंच लिहिलंय. ऐका. ‘चि. सौ. कां. बाळाबाई भिमाजी, मु. उत्रोली, हिला मामाकडून सप्रेम भेट. शके १८९२.’ शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की आपलं साल. एकोणीसशे सत्तर. लग्नातला आहेर आहे हा.”

“वाचला! वाचला माझा भैरोबा!” रखमाजीनं दोन्ही हात आभाळाकडं केले. ते वरच राहिले. “क्... काय नाव म्हनलीस?”

“बाळाबाई. उत्रोली.”

रखमाजीचे हात खाली आले. “बाळी!”

बाळी म्हणजे उंबरवाडीचीच लेक, उत्रोलीला दिलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच सप्ताहाला माहेरी आली ती मामानं दिलेला चांदीचा पेला मिरवत. भंडाऱ्याच्या पंगतीत सगळ्या वाडीची भांडी एकत्र येतात, एकत्र घासली जातात आणि जाताना कुणाची वाटी कुणाच्या टोपलीत जाते, याचा हिशोब देवालाही लागत नाही. म्हणून तर माणसं भांड्यावर नावं घालतात. सासरी जाऊन बाळाबाईनं टोपली उघडली, तर तिच्या पेल्याच्या जागी भलताच पेला. सासूनं तिला काय म्हणायचं ते म्हणून घेतलं, आणि बाळाबाईनं निरोप धाडला, ‘माझा पेला घावल्याबिगर वाडीचं पानी पिणार न्हाई.’ वाडीनं घरोघर धुंडाळलं. पण देवाच्या घराची झडती कोण घेणार? तेव्हाचे पुजारी रखमाजीचे चुलते, नजरेनं अधू. देवाचा पेलाही त्या दिवशी विसळायला त्याच ढिगात गेलेला, त्यांनी हाताला लागला तो उचलून देवापुढं ठेवला. न घासण्याचा दंडक होता खऱ्या पेल्याचा, लागू झाला बदली आलेल्याला. दोन-चार वर्षांत तो काळा पडला आणि कुंडलिकबुवांच्या एका कीर्तनात थेट किल्लेदाराचा झाला.

“म्हंजी आपन इतकी वर्सं बाळीच्या पेल्यातनं...” पारूबाईनं तोंडाला पदर लावला.

गोरखला फ्लेक्स दिसत होता. “तात्या, अजून कुनाला कळलं न्हाई. समईची काजळी हाय की देवळात. दोन बोटं फिरवली की पुन्यांदा किल्लेदार!”

“गोरख,” रखमाजी सावकाश म्हणाला, “उभ्या जन्मात कीर्तनात काय ऐकलं म्या? दुसऱ्याचं ते माती समान. आन देवाच्याच हातात दुसऱ्याचं भांडं ठिवू? पेला तिचा हाय. तिला जानार.”

“आन काल्याला?”

रखमाजीनं पेला उपरण्यात बांधला. सरकारच्या तोंडातून काढलेला पेला आता स्वतःच्या हातानं देऊन टाकायचा होता.

वैष्णवीही निघाली. वेल्ह्याहून नसरापूर, तिथून भोरची एसटी. रखमाजी वाटभर पेला मांडीवर घेऊन बसला होता, लेकीला सासरी पोचवायला निघाल्यासारखा. कंडक्टरनं विचारलंदेखील, “काय बाबा, दूध हाय का? सांडंल.” वैष्णवीनं धीर दिला, की जुनी वस्तू असली तरी नोंद करावी लागते, लगेच कुणी उचलून नेत नाही, देवळातली देवळात राहू शकते.

“हे काल सांगायचं ग, माझे आई,” रखमाजी कळवळून म्हणाला.

“काल तुम्ही विचारलं कुठं? गोरखदादाच्या मोबाईलला विचारलंत.”

उत्रोलीत बाळाबाईचं घर सापडायला वेळ लागला नाही. ती गोठ्यात म्हशीपुढं पाटी ठेवून त्यात भाताचा कोंडा मापत होती. पांढरेशुभ्र केस, पण पाठ ताठ आणि आवाज खणखणीत.

“कोन हाय? रखम्या तर न्हवं? मेला न्हाईस व्हय अजून!”

“तुझं देनं द्यायाचं ऱ्हायलं व्हतं, बाळाक्का,” म्हणून रखमाजीनं उपरणं सोडलं.

बाळाबाईनं पेला बघितला. हात कोंड्याचे होते ते लुगड्याला पुसले. नावावरून बोट फिरवलं आणि मग ती म्हशीच्या आडाला गेली. परत आली ती भांडतच.

“कुठल्या भाड्यानं ठिवला व्हता एवढी वर्सं?”

“भैरोबानं,” रखमाजी म्हणाला आणि त्यानं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता बाळाबाईच्या हातातलं कोंड्याचं माप तसंच राहिलं.

“देवानं वापारला व्हय! मंग त्याच्याशी काय भांडायचं,” ती पुटपुटली. “पर माझ्या टोपलीत आलेला हा काळा रेडा कुनाचा, ते तरी सांग. परक्याचं भांडं म्हनून म्या एक दिस बी घासला न्हाई ह्याला. कोंडा मापायला ठिवला.”

आणि तिनं हातातलं माप पुढं केलं. काळंकुट्ट, काठाला पोचे आलेलं, कोंड्यानं बरबटलेलं.

वैष्णवी इतका वेळ म्हशीपासून अंतर राखून उभी होती. ती एकदम पुढं आली. तिनं माप हातात घेतलं, ओढणीच्या टोकानं हळूच कोंडा टिपला, भिंग काढलं आणि गोठ्याच्या दारातल्या उजेडात चक्क शेणावरच बसली.

“आजोबा, हे मोडी आहे,” ती म्हणाली. “‘श्री भैरवनाथ चरणी’... ‘उंबरवाडी’... आणि हे नाव. येसू. ‘येसू धनगरीण. मेंढरं राखिली.’”

“किल्लेदार कुठं हाय?” रखमाजीनं विचारलं.

“किल्लेदार नाहीच, आजोबा. एका मेंढपाळ बाईनं नवस फेडलाय. कळप वाचला म्हणून देवाला पेला वाहिलाय. अक्षराच्या वळणावरून दोनशे वर्षांच्या आसपासचा असेल. नीट तपासून सांगेन. पण हा खरा आहे.” तिनं बाळाबाईकडं वळून हात जोडले. “आजी, तुम्ही घासला नाहीत, हे केवढे उपकार!”

“म्या रागानं घासला न्हाई, बाई. उपकार कसले,” बाळाबाई म्हणाली.

रखमाजीनं ते माप आपल्या हातात घेतलं. किल्लेदार गेला, घोडा गेला. पण आपल्या माळावर मेंढरं हिंडवणारी कुणी येसू, तिनं अंगावरची चांदी आटवली असेल, कळपाच्या जिवासाठी. त्याला आपलं भरून आलं. ज्याच्या घरी चांदी आहे त्यानं दिली तर त्यात काय? हिनं दिली, ते देणं.

“बाळाक्का, आता वाडीचं पानी पिशील का?”

“पानी कशाला? काल्याचं दूधच पेते,” बाळाबाई म्हणाली. “पर पेला मी बरूबर आननार. पुन्यांदा मिरवनार. बघू कोन पळवतंय!”

काल्याच्या सकाळी मंडप भरून गेला. रखमाजीनं कुंडलिकबुवांना आधीच गाठून येसूची हकिकत सांगितली होती. बुवा आता थकले होते, नजरही मंदावली होती. पण ऐकताना त्यांचे डोळे मिटले आणि मान डोलायला लागली, तेव्हाच रखमाजीनं ओळखलं, आज कीर्तन उभं राहणार.

आणि उभं राहिलं! बुवांनी येसू जिवंत केली. माळावरचा वणवा, चारी बाजूंनी कोंडलेला कळप, पोटाशी कोकरू धरून ‘भैरोबा’ म्हणून हाक मारणारी ती बाई. वणवा बुवांचा होता, येसूच्या पेल्यावर त्याचा पत्ता नव्हता. पण मंडपाला आच लागत होती. गोरखसुद्धा मोबाईल खिशात घालून रडत होता. आणि त्या भरात बुवांनी हात मागं करून देवापुढचा पेला उचलला आणि उंच धरला.

“हाच तो येसूचा पेला!”

रखमाजीचा टाळ थांबला. बुवांच्या हातात लखलखत होता तो बाळाबाईचा आहेर, तिनं सकाळीच मिरवत आणून देवापुढं ठेवलेला. उत्रोलीहून परत आलेला येसूचा काळा पेला मागं सावलीत, समईच्या आड बसून होता. उठून सांगावं की काय? पण चालत्या कीर्तनात बुवांना टोकायचं हे पाप त्याच्या हातून होणं नव्हतं. त्यानं भैरवनाथाकडं पाहिलं. देवानं काही हरकत घेतल्याचं दिसलं नाही. रखमाजीनं टाळ पुन्हा उचलला.

दूध झालं, तीर्थ झालं. बायकांच्या गर्दीतून बाळाबाई डोळे पुसत पुढं आली. तिनं आपला पेला दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि परत देवापुढं ठेवला.

“अगं न्ये की आता घरी,” पारूबाई म्हणाली.

“कशी न्यू? वणव्यातनं आलेला पेला हा! एवढी पुन्याई ह्यात, आन म्या मेलीनं ताक पिलं वो ह्यातनं!”

“बाळाक्का,” रखमाजी तिच्या कानाशी लागला, “त्यो तुझाच हाय. नाव बघ की त्यावर. बाळाबाई भिमाजी.”

“नाव काय, कुनीबी घालतंय! बुवा काय खोटं सांगत्यात व्हय?” बाळाबाई ठणकावून म्हणाली. “देवाचा त्यो देवाला ऱ्हाऊ द्या. मला आपला माझा त्यो काळा द्या. म्हशीला त्याचीच सवय झालीया.”

समईच्या आडून वैष्णवीनं काळा पेला झटक्यात उचलला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला.

“दे गं पोरी तो हिकडं,” पारूबाई पदर खोचत पुढं आली. “तिला द्यायचाच हाय, तर जरा घासून तरी दिऊ!”